खेळायचे गेम शोकेसमध्ये का ठेवले? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

घरातल्या जुन्या व्हिडिओ गेम्सच्या मांडणीवर मी लिहिलेला लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि तो का पटला नाही हे सविस्तर कळवलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गेम खेळण्यासाठी असतात, मी ते शोकेसमध्ये कोंडून शोभेच्या वस्तू केल्या, ऊन नको, उजेड नको हा सगळा सोवळेपणा आहे, आणि एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या गेम-यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, हेच गेम चालत असताना अख्खी भिंत अडवायचं कारण काय? त्यात एक वाक्य मला लागलं. "तुमच्या एकाही फोटोत कंट्रोलर जोडलेला दिसत नाही."

हे खरं आहे. फोटो नीटनेटके यावेत म्हणून मी वायरी काढून ठेवल्या होत्या. तसं करायला नको होतं. मांडणीवरच्या लेखातून वायरीच गायब केल्या तर सगळ्यात अवघड भाग वाचकापासून लपवल्यासारखं होतं. आता सगळं जोडलेलं असतानाचे फोटो लेखात घातले आहेत. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र माझं मत वेगळं आहे.

आधी सोवळेपणाबद्दल. माझा सुपर निंटेंडो हा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) बरीच वर्षं खिडकीसमोरच्या फळीवर होता. आज त्याचं वरचं झाकण जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडलंय आणि खालचा अर्धा भाग जवळपास मूळ राखाडी आहे. एकच कन्सोल, एकच फळी, तरी मधल्या सांध्यावर रंग चाकूने कापल्यासारखा बदलतो. त्या काळच्या एबीएस प्लास्टिकमध्ये आग लवकर लागू नये म्हणून ब्रोमिनची संयुगं घालत. अतिनील किरण, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते प्लास्टिक पिवळं पडतं, आणि मिश्रण प्रत्येक खेपेला थोडं वेगळं असल्याने दोन भाग वेगवेगळ्या वेगाने पिवळे पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की रंग उजळतो हे खरं, पण पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. अंधारातही तो पूर्ण थांबत नाही, फक्त मंदावतो. तेवढं मंदावणं आपल्या हातात आहे, तर ते का सोडायचं?

पुठ्ठ्याच्या खोक्यांचं दुखणं याहून मोठं, कारण शाई एकदा उडाली की परत येत नाही. बहुतेक वेळा लाल रंग आधी जातो. फळीवर दाटीने उभ्या केलेल्या खोक्यांच्या फक्त कडा फिकटतात, आणि हे आपल्याला खोकं बाहेर काढल्यावरच कळतं. खिडकीची काच यात फारशी मदत करत नाही, अतिनील किरणांतला मोठा भाग साध्या काचेतून आरपार येतो. म्हणून माझे खोके आणि माहितीपुस्तिका बंद कपाटात असतात. कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या प्लास्टिकच्या डब्या, खालच्या खणांत उभी, नावाची कड वर. हात घातला की हवं ते हाती येतं. शोकेसची काच धुळीसाठी आहे आणि तिला कुलूप नाही. म्हणजे कोंडलेत ते खोके. गेम मोकळेच आहेत.

आता खेळण्याबद्दल. इथे तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत, असं मला मनापासून वाटतं. न वापरता ठेवलेली यंत्रं वापरलेल्या यंत्रांइतकीच खराब होतात, आणि ती खराब होताना आपलं लक्ष नसतं. पहिल्या एक्सबॉक्सच्या (२००१) बहुतेक आवृत्त्यांत घड्याळासाठी एक छोटा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आहे, तो गळतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. सेगा गेम गियर या हातात धरायच्या कन्सोलचे कपॅसिटर गळण्यासाठी प्रसिद्धच आहेत. आधी आवाज बारीक होतो, मग पडदा फिका पडतो. 'द लेजेंड ऑफ झेल्डा'सारख्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह (खेळ कुठवर आला याची नोंद) टिकवायला नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली तरी गेम चालतो, पण खेळलेलं पुसलं जातं. बॅटरी बदलतानाही सेव्ह जातो, त्यामुळे आधी तो कार्ट्रिज रीडर नावाच्या उपकरणाने संगणकावर उतरवून घ्यावा लागतो. माझ्या प्रत्येक खणात एक कार्ड आहे. कोणतं कार्ट्रिज शेवटचं कधी लावलं आणि कुणाची बॅटरी कधी बदलली, हे त्यावर लिहिलेलं असतं. वर्षातून एकदा प्रत्येक गेम लागतोच. मांडणी कन्सोलप्रमाणे आहे, अकारविल्हे नाही, ती याचसाठी: एक कन्सोल जोडला की त्याचा पूर्ण खण खेळून संपवायचा.

लावण्याआधी कार्ट्रिजच्या पिना, म्हणजे कन्सोलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, पुसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी एकदा फिरवली की काळी होते; तिसरी-चौथी काडी पांढरी निघेपर्यंत थांबायचं. आपण सगळे लहानपणी फुंकर मारायचो, पण श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. गेम सुरू व्हायचा तो बाहेर काढून पुन्हा बसवल्यामुळे.

वायरींवर मी मूळ लेखात दोन ओळी लिहिल्या, त्या कमी पडल्या. कंट्रोलरची वायर कन्सोलभोवती गुंडाळून ठेवू नका. वायरीच्या पीव्हीसीत ती लवचिक राहावी म्हणून जे द्रव्य घालतात, ते हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या प्लास्टिकमध्ये शिरून त्याला मऊ करतं. माझ्या एका कन्सोलच्या पाठीवर तीन तिरप्या खाचा आहेत. बोट फिरवलं की लागतात, पॉलिशने जात नाहीत. आता प्रत्येक वायर सैल वेटोळं करून वेगळ्या सुती पिशवीत असते. कंट्रोलर खुंटीवर ठेवायचा तर त्याचा भार त्याच्या स्वतःच्या अंगावर येऊ द्या, वायरीवर लटकवू नका.

राहिला एम्युलेटर. मीही वापरते, प्रवासात तर तोच. पण 'डक हंट' हा खेळण्यातल्या बंदुकीने पडद्यावरची बदकं टिपायचा गेम घ्या. बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड टिपते. हे गणित जुन्या काचेच्या टीव्हीवर बेतलेलं आहे. सपाट पडद्यावर चित्र जरासं उशिरा येतं आणि मूळ बंदुकीचा नेम लागत नाही. म्हणून तो जड टीव्ही माझ्याकडे सगळ्यात खालच्या, मजबूत फळीवर आहे. दुसरं असं, की एम्युलेटरवरचा जुना गेम कुणीतरी जपलेल्या कार्ट्रिजमधून किंवा डिस्कवरूनच उतरवलेला असतो. जुने गेम जपणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज विक्रीला उपलब्ध नाहीत असं आढळलं. त्याच वर्षी मार्चमध्ये निंटेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानांतली खरेदीही बंद झाली. त्यामुळे माझ्या भिंतीवरची जागा वाया गेली असं मला वाटत नाही.

शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की तुमचा गेम बॉयही (हातात धरायचा जुना कन्सोल) कुठल्यातरी खोक्यात पडून आहे. कृपया आजच त्याचं मागचं झाकण उघडा. आत चार सेल राहिले असतील तर काढून टाका. सेल टेकतात त्या धातूच्या टोकांवर पांढरा खार जमला असेल तर हातमोजे घालून व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या काडीने थोडं थोडं पुसा, मग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. नवे सेल घालून चालू करा. दिवा लागला पण पडद्यावर उभ्या रेषा गायब असतील तर मला कळवा, त्यावर बहुतेक वेळा घरी उपाय करता येतो आणि मी तो पायरीपायरीने लिहून पाठवीन.