लांब शॉट म्हणजे कामचुकारपणा? यांचोवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हंगेरियन दिग्दर्शक मिक्लोश यांचोवरच्या माझ्या लेखावर तुमचे मुख्य आक्षेप दोन : लांबलचक शॉट घेऊन तो संकलनाची मेहनत वाचवतो, आणि तो सरकारी पैशावरचा प्रचारक होता. शिवाय पात्रं जवळची वाटत नाहीत, ही तक्रार.

पहिला मला अजिबात मान्य नाही. ३५ मिमी कॅमेऱ्यात हजार फुटांचं मॅगझिन (फिल्मचा डबा) लावलं तर सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबानं जेमतेम ११ मिनिटं मिळतात. यांचोचा ‘इलेक्ट्रा, माय लव्ह’ (१९७४) सुमारे ७० मिनिटांचा, शॉट फक्त १२. म्हणजे सरासरी सहा मिनिटांचा एक. पाचव्या मिनिटाला घोडा बिथरला तर सगळं पहिल्यापासून, कारण मध्ये कापून लावायला दुसरा अँगलच घेतलेला नसतो. कॅमेरा ट्रॉलीवरून सरकता सरकता वळतो, तेव्हा आधी पाठीमागे असलेले रूळ चौकटीत शिरण्याचा धोका. त्यात झूमची भर : लेन्स लांब केली की फोकसला वाव उरत नाही, सहाय्यकाचा हात जरा चुकला की सहाच्या सहा मिनिटं वाया. छायाचित्रणकार यानोश केंडेचं कौतुक करावं तेवढं थोडं! आवाज नंतर डब होत असे, म्हणून चालू शॉटमध्ये नटांना ओरडून सूचना देता येत. संकलनाच्या टेबलावर घ्यायचे निर्णय यांचोला माळरानावर, कॅमेरा सुरू होण्याआधीच घ्यावे लागत.

आता दुसरा आक्षेप. पैसा सरकारीच होता. चित्रपटउद्योगाच्या राष्ट्रीयीकरणानंतर हंगेरीत दुसरा कुठला असणार? पन्नासच्या दशकातले त्याचे वृत्तपट प्रचारकी होते, हेही खरं. पण ‘द राउंड-अप’मध्ये (१९६६) ऑस्ट्रियाविरुद्धच्या १८४८ च्या उठावातल्या लोकांना हुडकून काढणारी चौकशी आहे, आणि हंगेरियन प्रेक्षकांना त्यात १९५६ चा सोव्हिएतविरोधी उठाव चिरडल्यानंतरची धरपकड दिसली. ‘द रेड अँड द व्हाइट’ (१९६७) तर ऑक्टोबर क्रांतीच्या पन्नाशीसाठी सोव्हिएत भागीदारीत काढलेला. त्यात रशियन यादवीतले लाल (क्रांतीच्या बाजूचे) आणि पांढरे (विरोधक) दोघंही सारख्याच थंडपणे माणसं मारतात. सोव्हिएत संघात त्याला आधी कात्री लागली, मग बंदी आली. प्रचारकाचा सिनेमा असा असतो?

पात्रं जवळची वाटत नाहीत, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. यांचो माणसाच्या मनात शिरतच नाही. कोण कुणाला रांगेत उभं करतो, कपडे उतरवायला लावतो, एवढंच दाखवतो. सत्ता मला त्यातच सर्वांत स्पष्ट दिसते. १९७६ चा त्याचा इटालियन चित्रपट ‘प्रायव्हेट व्हाइसेस, पब्लिक व्हर्च्यूज’ मलाही फसलेला वाटतो.

‘इलेक्ट्रा’पासून सुरुवात करू नका. आधी ‘द राउंड-अप’ पाहा, मग १९७२ चा ‘रेड साम’, ज्याला कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. आणि मोबाइलवर नको : ‘राउंड-अप’ची चौकट २.३५:१ इतकी रुंद आहे, क्षितिजावरचे घोडेस्वार त्यात दिसणारच नाहीत.