आग लागायचीच असेल तर वेळ बघून लागू द्या

आग काय सांगून लागते का, असं लोक म्हणतात. त्यांनी नगरपरिषदेच्या गावात दिवस काढलेले नाहीत. इथे आगीचं नियोजन आधीच करावं लागतं. गेल्या आठवड्यात रात्री दीड वाजता आमच्या जिन्याखालच्या मीटर बोर्डाने पेट घेतला. त्या रात्री जे शिकलो ते फुकट वाटतोय, घ्या.

आधी मुहूर्त. 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह. 1944 साली 14 एप्रिलला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे 66 जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात गाडी धुतलेली असते, बंपरला झेंडूचा हार असतो, टाकीत पाणी असतं आणि चालक गावातच असतो. जळायचं ते तेव्हा उरकून घ्या.

मग फोन. मी मोबाइलवरून 101 लावला, तो लागला जिल्ह्याच्या ठिकाणी. पलीकडचा भला माणूस म्हणाला, "अहो, तुमच्या गावाची गाडी तुमच्याकडेच आहे की!" 112 लावला तर तो आधी नवी मुंबईला नाहीतर नागपूरला जातो. तिथल्या बाईंनी शांतपणे जवळची खूण विचारली. म्हटलं, मारुतीच्या देवळामागे. आमच्या गावात मारुती तीन. तेव्हा घर घेताना एकच मारुती असलेलं गाव बघा.

वायरमनचा नंबर मात्र पाठ करू नका, तो उचलत नाही.

आता गाडी. ती पाऊण तासाने आली. का? तर टाकी रिकामी होती. टाकी का रिकामी? संध्याकाळी कुणाच्या तरी कार्यक्रमाच्या मैदानावर धूळ बसवायला पाणी मारून आली होती म्हणून. भरून निघाली तर चौकात वाढदिवसाची कमान आडवी. शुभेच्छुकांचे चाळीस फोटो आणि मधोमध गॉगल. गाडी मागे घेतली, दुसऱ्या रस्त्याने आणली, तर बोळाच्या तोंडाशी पांढरी मोटार उभी. पाइप लांबूनच ओढला. त्याला तीन ठिकाणी भोकं, त्यामुळे देशपांडे काकूंच्या तुळशीला पाणी मिळालं, माझ्या पायजम्याला मिळालं. तोवर खालच्या पोरांनी बांधकामाची वाळू टाकून निम्मी आग विझवली होती, आणि दोन दुचाकींचे सांगाडे झाले होते.

पोलीस लवकर आले, खोटं कशाला बोला. बॅटरी मारून बघितलं आणि सकाळी ठाण्यात यायला सांगितलं. विम्यासाठी 'अकस्मात जळीत' अशी नोंद आणि पंचनामा लागतो. सकाळी अंमलदारांनी पेन उघडून विचारलं, "संशय कुणावर?"

"उंदरावर."

"तसं लिहिता येत नाही."

साहेब बंदोबस्तावर, सर्व्हर डाउन, उद्या या. पंच म्हणून सह्या करायला दोन रिकामटेकडे मित्र कायम बाळगा.

पण पुरे झाली थट्टा. गाडीवर जो पोरगा होता तो कंत्राटी. दिवसा टँकर चालवतो, रात्री बंब. पायात रबरी चप्पल, हातमोजे नाहीत, डोक्यावर काही नाही. लाइट अजून चालू होती, वायरी तडतडत होत्या, आणि तो अंगातला शर्ट हाताला गुंडाळून बोर्डाजवळ जायला निघाला होता. आम्ही त्याला मागे ओढला. घरपट्टीच्या बिलावर 'अग्निशमन कर' अशी वेगळी ओळ असते आणि मी ती दरवर्षी भरतो. त्यातून एक जोडी बूट येत नाहीत? मुख्याधिकारी साहेब, सप्ताहाचा मांडव येतो, हार येतात, फोटोवाला येतो, आणि बूट येत नाहीत? तो पोरगा चिकटला असता तर तुम्ही श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला असता, तोही त्याच चौकात, रस्ता अडवून.

आणि पांढऱ्या मोटारीचे मालक, तुम्हीही ऐका. खालून वीस माणसं ओरडत होती आणि तुम्ही गॅलरीतून व्हिडिओ काढत होता. चावी खाली टाकायला एक हात लागतो. तो व्हिडिओ मी ग्रुपवर बघितला, छान आलाय. मोटार आजही तिथेच उभी आहे. काढा ती आधी.