‘गॅप ठेवणारा ड्रायव्हर कच्चा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजचं पोस्टमॉर्टेम

ड्रायव्हर मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात मजकूर असा: हायवेवर गॅप ठेवून चालवणं हे नवशिक्याचं काम, मुरलेला ड्रायव्हर पुढच्या गाडीच्या दहा मीटर मागे आरामात चालवतो. कारणं काय, तर त्याचा हात बसलेला असतो, भरलेल्या ट्रकला पकड जास्त असते, हवेचे ब्रेक दणकट असतात, पुढच्याच्या ब्रेकलाइटवर नजर ठेवली की झालं, चिकटून चालवलं की डिझेल वाचतं, गॅप ठेवला की कारवाले घुसतात आणि टाइम जातो. आणि शेवटी बोनस सल्ला, मागून कोणी चिकटला तर ब्रेकवर हलका टच मारायचा, आपोआप लाइनीवर येतो. खाली अंगठ्यांचा पाऊस.

मेसेज पसरतो कारण यातलं बरंचसं अर्धं खरं आहे. म्हणून एकेक घेऊ.

“हात बसलेला असला की दहा मीटर पुरतात”

इथे जरा हिशोब करू, कारण सगळा खेळ याच मुद्द्यावर आहे. ताशी ८० किलोमीटरच्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, म्हणजे दहा मीटरचा गॅप हा वेळेत मोजला तर अर्धा सेकंदसुद्धा नाही. आता समजा तुमच्या पुढे कार आहे, तीही ८० वर, आणि तिने करकचून ब्रेक दाबला. कोरडा रस्ता, चांगले टायर, तर कारचा स्पीड दर सेकंदाला साधारण २९ किलोमीटरने उतरतो. तुम्ही लाइट बघितला, डोक्यात ट्यूब पेटली, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर गेला, याला साधारण दीड सेकंद लागतो. त्यानंतर हवेच्या ब्रेकला चाकाजवळच्या चेंबरपर्यंत हवा पोचून लायनर (घासून थांबवणारी पट्टी) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला भिडायला आणखी अर्धा सेकंद धरा. झाले दोन सेकंद. या दोन सेकंदांत ट्रक ४४ मीटर गेला, आणि तोही पूर्ण ८० च्या स्पीडने.

आता गंमत बघा, दहा मीटरचा गॅप संपतो तो १.६ सेकंदाच्या आसपास. म्हणजे तुमचे ब्रेक धरायच्या आधीच धडक बसलेली असते! त्या क्षणी कार ३४ च्या आसपास आलेली असते आणि तुम्ही अजून ८० वरच असता.

यावर लगेच उत्तर येतं की तो दीड सेकंद सामान्य माणसाचा, आमचा उस्ताद निम्म्या वेळात ब्रेक मारतो. बरं, मान्य, पाऊण सेकंद धरू. तरी हवेचा अर्धा सेकंद आहेच, तो उस्तादाला घाबरून कमी होत नाही. ट्रक भरलेला असेल तर त्याचा स्पीड दर सेकंदाला १८ किलोमीटरने उतरला तरी चांगलं म्हणायचं, पुढची कार २९ ने उतरतेय. हिशोब केला तर उस्तादसुद्धा कारला ठोकतोच, दोघांच्या स्पीडमधला फरक साधारण ४० चा असताना. आधीच्या केसमध्ये तो फरक ४६ होता. म्हणजे आयुष्यभराच्या अनुभवाने मिळवले काय, तर सहा किलोमीटर.

मग पुरतं किती? हेच आकडे घेऊन काढलं तर अशा कारमागे भरलेल्या ट्रकला निदान ६३ मीटर लागतात, म्हणजे जवळपास तीन सेकंद, आणि हे सगळं उत्तम असताना. रस्ता ओला असेल, उतार असेल, लायनर घासलेले असतील, रात्रीचे तीन वाजले असतील, तर तेही पुरत नाहीत. अमेरिकेत कमर्शियल लायसन्सच्या मॅन्युअलमध्ये गाडीच्या दर १० फूट लांबीला एक सेकंद आणि ताशी ४० मैलांच्या वर आणखी एक सेकंद असा हिशोब सांगतात, म्हणजे ६० फुटी ट्रेलरला हायवेवर सात सेकंद. ऐकून हसू येतं, पण ते सात सेकंद भिजलेल्या रस्त्यावर, दमलेल्या माणसाला मोजून बघा. जर्मनीत ऑटोबानवर साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकला ५० च्या वर स्पीड असेल तर कमीत कमी ५० मीटर ठेवावेच लागतात. आणि ते कायद्याचं किमान झालं, कारच्या मागे तेवढं पुरेल असं त्यावरून समजू नये, आपला ६३ चा आकडा वरच आहे.

“भरलेल्या ट्रकला पकड जास्त, त्यामुळे लवकर थांबतो”

पकड जास्त, हे खरंय. पण थांबवायचं वजनही तेवढंच जास्त ना भाऊ! दोन्ही बाजूंना तेच वजन, कटून जातं. वर ट्रकच्या टायरचं रबर जास्त टिकावं म्हणून कडक ठेवलेलं असतं, कारच्या टायरएवढं ते रस्त्याला धरत नाही. रिकामी गाडी लवकर थांबते असंही गृहीत धरू नका, कारण जड गाडीसाठी बनवलेले ब्रेक रिकाम्या गाडीत चाक पटकन लॉक करतात, गाडी उड्या मारते, मागून फिरते.

आणि गरमीचं काय? ४० टन वजन ८० च्या स्पीडवरून थांबवताना ड्रममध्ये जेवढी उष्णता जाते तेवढ्यात २९ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. हे एका ब्रेकचं. चिकटून चालवणारा माणूस दर दोन मिनिटांनी ब्रेकला पाय लावत असतो, त्यामुळे त्याचे ड्रम आधीच तापलेले, आणि नेमका जेव्हा खरा ब्रेक लागतो तेव्हा पेडल आहे पण जोर नाही अशी अवस्था. उतारावर तर विचारूच नका.

लोड काय आहे यावरही आहे. अर्धा भरलेला टँकर असेल तर आतलं पाणी किंवा तेल तुम्ही ब्रेक मारल्यावर पुढे येऊन आदळतं आणि थांबत आलेली गाडी पुन्हा ढकलतं. सळ्या, पाइप, कॉइल असेल आणि बांधणी ढिली असेल तर जोराच्या ब्रेकला ते सगळं केबिनच्या दिशेनेच येणार.

“एबीएस आहे, ऑटोमॅटिक ब्रेक आहे”

हे मूळ मेसेजमध्ये नाही, खालच्या कमेंटमधलं आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, स्टिअरिंग हातात राहतं, ट्रेलर वळून केबिनला येऊन भिडत नाही, पण दहा मीटरचे वीस मीटर ते करत नाही. ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेक युरोपात २०१५ पासून नव्या जड ट्रकला सक्तीचा आहे आणि चांगली गोष्ट आहे. फक्त लायनर, हवा, टायर तेच, जुनेच. रडारने माणसापेक्षा लवकर बघितलं तरी थांबायला जागा लागतेच.

“पुढच्याच्या ब्रेकलाइटवर नजर ठेवली की झालं”

मला विचाराल तर सगळ्यात घातक वाक्य हेच. कारण ब्रेकलाइट हा पुढच्या ड्रायव्हरचा निर्णय झाल्यावर पेटतो, रस्त्यावर काय झालंय ते तो सांगत नाही. उंच ट्रेलरच्या मागे दहा मीटरवर तुम्हाला फाळका सोडून काहीही दिसत नाही, आणि मग तुमचं सगळं चालवणं त्या पुढच्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांवर, त्याच्या झोपेवर, त्याच्या मोबाइलवर.

पुढचा एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनचा धूर अडवून स्पीड उतरवणारा ब्रेक) किंवा गिअर उतरवून हळू झाला तर बऱ्याचदा लाइट पेटतच नाही. त्याचा बल्ब गेलेला असू शकतो, चिखलाने झाकलेला असू शकतो. तो कशाला तरी धडकून जागच्या जागी थांबला तर ब्रेकचा प्रश्नच येत नाही. आणि सगळ्यात वाईट प्रकार असा की तो ब्रेक मारतच नाही, लेनमध्ये बंद पडलेली गाडी त्याला ऐनवेळी दिसते, तो स्टिअरिंग मारून शेजारच्या लेनमध्ये निसटतो, आणि तुमच्या समोर एकदम उभा ट्रेलर. त्याला जेवढा वेळ मिळाला त्याच्या निम्मासुद्धा तुम्हाला मिळत नाही.

चपट्या तोंडाच्या केबिनमध्ये बसणाऱ्याने आणखी एक बघून ठेवावं. पुढच्या ट्रेलरची बॉडी तुमच्या पायाशी येत नाही, सरळ केबिनच्या काचेच्या, छातीच्या लेव्हलला येते, आणि मध्ये इंजिन नाही, बॉनेट नाही, फक्त पत्रा आणि काच. मागे लोंबणाऱ्या सळ्या असतील तर त्या पहिल्या आत येतात. कारवाल्याला एअरबॅग तरी आहे.

“मागे चिकटून चालवलं की डिझेल वाचतं”

हे खरं आहे, पण ज्या परिस्थितीत खरं आहे ती मेसेजमध्ये सांगितलेली नाही. पुढची गाडी हवा फोडते, मागच्याला विरोध कमी लागतो. यावर प्लॅटूनिंग नावाचे रीतसर प्रयोग झाले, ट्रक एकमेकांना वायरलेसने जोडलेले, पुढच्याने ब्रेक मारला की मागच्याचा जवळपास त्याच क्षणी लागतो, मध्ये माणसाचा दीड सेकंद नाहीच. अशा सेटअपमध्ये टेस्टिंगला मागच्या ट्रकची जास्तीत जास्त दहा टक्क्यांच्या आसपास बचत दिसली. तिथेही अगदी जवळ गेल्यावर मागच्या ट्रकच्या रेडिएटरला हवा मिळेना, फॅन सुरू व्हायला लागला आणि बचत उलट घटली. पुढे २०१९ मध्ये डायमलर या जर्मन ट्रक कंपनीने ट्रक प्लॅटूनिंगमधून अंग काढून घेतलं, कारण खऱ्या ट्रॅफिकमध्ये जोडी सतत तुटते आणि पुन्हा गाठायला जो अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो त्यात वाचलेलं जातं.

इतक्या मोठ्या कंपनीला सेन्सर लावून जे परवडलं नाही ते आपण नुसत्या डोळ्यांनी आणि पायाने करणार. हातानं चालवणाऱ्याला चिकटून राहायला सतत ब्रेक-रेस-ब्रेक करावं लागतं, त्यात जे डिझेल जातं ते कोणी मोजत नाही. गॅप असला की पुढचा हळू झाल्यावर नुसता पाय उचलला तरी भागतं. डिझेल वाचवायची खरी जागा ती.

“गॅप ठेवला की कारवाले घुसतात, टाइम जातो”

घुसतात, शंभर टक्के घुसतात आणि डोक्यात जातात, याबद्दल वाद नाही. पण टाइम किती जातो? एक कार घुसली आणि तुम्ही तिच्या मागे पुन्हा चार सेकंदांचा गॅप केला तर तुमचे गेले फार तर चार सेकंद. तासाला तीस कार घुसल्या तरी दोन मिनिटं. त्यातल्या निम्म्या पुढे दुसऱ्या लेनला निघून जातात, ते वेगळंच. गॅप परत करायला ब्रेक लागत नाही, स्पीड चारने कमी केला की मिनिटभरात साठ-पासष्ट मीटर तयार होतात.

टाइम खरा जातो तो गर्दीत कारण नसताना लागणाऱ्या ब्रेकने. २००८ साली प्रसिद्ध झालेला जपानमधला एक प्रयोग आहे, २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ कार सोडल्या, सगळ्यांना सांगितलं एका स्पीडने चालवा. ना सिग्नल, ना खड्डा, ना अ‍ॅक्सिडेंट, तरी थोड्या वेळात जाम तयार झाला आणि तो मागे मागे सरकत राहिला. जवळ-जवळ चाललेल्या गाड्यांत एकाने जरा पाय उचलला की मागचा थोडा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. गॅप ठेवणारा ट्रक ही साखळी तोडतो.

मालकाचा फोन येतो, वेळेत पोच म्हणतात, हे मान्य. पण तो दबाव आहे, गॅप कमी केल्याने तो जात नाही.

“मागचा चिकटला तर ब्रेक टच करून शिकवा”

शिकवणार कोणाला, जो आधीच रस्ता बघत नाहीये त्याला? कार असेल तर ती ट्रेलरच्या खाली जाईल, मागचा गार्ड (कार खाली घुसू नये म्हणून लावलेला आडवा दांडा) गंजलेला किंवा वाकलेला असेल तर छतापर्यंत. ट्रक असेल तर तो तुम्हाला पुढच्यावर ढकलेल.

करायचं उलटं. मागचा जितका जवळ, तितका तुमचा पुढचा गॅप वाढवायचा, म्हणजे काही झालं तर तुम्हाला हळूहळू ब्रेक लावता येईल आणि मागच्याला तेवढा वेळ मिळेल, दोघांच्या वाटचा गॅप तुम्ही एकट्याने ठेवताय असं समजा. अगदी शेपटीला लागलेली कार आरशात दिसतच नाही, रात्री तिच्या हेडलाइटचा उजेड ट्रेलरच्या कडेने रस्त्यावर पडतो, दिवसा वळणावर सावली दिसते, त्यावरून ओळखायचं. मग डावीकडे राहून स्पीड एकसारखा ठेवायचा, ब्रेक लागणार असेल तर आधी एकदोनदा हलकेच लाइट दाखवायचे, म्हणजे स्पीड न उतरवता नुसती सूचना, आणि संधी मिळाली की त्याला पुढे जाऊ द्यायचं.