किस्लोव्हस्कीला फ्रान्सने घडवलं? छे!

'कम्युनिस्ट पोलंडने दाबून ठेवलेला धार्मिक तत्त्वज्ञ, फ्रान्सने आसरा दिला आणि महान झाला.' पोलिश चित्रपट दिग्दर्शक क्रिस्टॉफ किस्लोव्हस्कीबद्दलची ही पोस्ट सिनेमाच्या ग्रुपांवर अधूनमधून उगवते, सोबत निळा-पांढरा-लाल कोलाज. वाक्य एकच, पण त्यात घोळ बरेच.

आसऱ्याचं आधी निकालात काढू. हा माणूस देश सोडून गेलाच नाही. 'व्हेरोनिक' (१९९१) आणि 'थ्री कलर्स'ला ('ब्लू', 'व्हाइट', 'रेड' ही फ्रेंच झेंड्याच्या रंगांवरची चित्रत्रयी, १९९३-९४) फ्रेंच पैसा होता, एवढंच. तीन रंगांमागचे शब्द (स्वातंत्र्य, समता, बंधुता) फ्रेंच का, तर पैसे फ्रेंच म्हणून, असं त्याने स्वतःच सांगून टाकलंय. १९९६च्या मार्चमध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला, तोही वॉर्सॉतच.

महान झाला म्हणाल, तर मॉस्को चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक १९७९मध्ये 'कॅमेरा बफ'ला मिळालं आणि 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग'ला फ्रान्समधल्या कान महोत्सवाचं ज्युरी पारितोषिक १९८८मध्ये. दोन्ही पोलंडमध्ये, पोलिश पैशांत केलेले. पोलंडमधल्या वूच शहरातल्या सरकारी फिल्म स्कूलने त्याला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा घेतलं. पुढे वर्षानुवर्षं माहितीपट केले. 'ब्लू'मधली साखरेची वडी कॉफी शोषते तो क्षण आठवतोय? ती पाचेक सेकंदांतच भिजली पाहिजे म्हणून त्याने वेगवेगळ्या वड्या तपासून घ्यायला लावल्या होत्या. ही नजर माहितीपटवाल्याची.

'दाबून ठेवलेला' हे मात्र अर्धं खरं. 'ब्लाइंड चान्स' १९८१चा, पण त्याच वर्षी पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला आणि तो पडद्यावर यायला १९८७ उजाडलं. तरी त्याला नुसता बिचारा करू नका. लष्करी कायद्याच्या काळात तो राजकीय खटले चित्रित करायला कोर्टात गेला. कॅमेरा समोर असला की न्यायाधीश शिक्षा सुनावायला कचरतात, हे वकिलांच्या लक्षात आलं आणि तेच त्याला बोलावू लागले. मग रीळ नसलेला कॅमेरासुद्धा नुसता उभा करायचा! याच धांदलीत त्याला क्रिस्टॉफ पिसिएविच हा वकील भेटला, पुढे त्याचा पटकथेतला जोडीदार. दोघांच्या 'नो एंड'वर (१९८५) सरकार तुटून पडलं, विरोधक तुटून पडले, चर्चही. फक्त सरकारच त्याच्या मागे लागलं होतं, या गोष्टीत हे कुठे बसवणार?

माहितीपटांवरून त्याचं मन उडालं तेही 'स्टेशन'च्या (१९८०) वेळी. वॉर्सॉच्या स्टेशनवर चित्रित केलेली रिळं पोलिसांनी उचलून नेली. एका खुनातली संशयित मुलगी त्यात दिसतेय का, हे त्यांना पाहायचं होतं. ती नव्हती. पण असती तर आपण नकळत पोलिसांचे खबरे ठरलो असतो, हे त्याला झोंबलं.

राहिलं धार्मिक. 'डेकालॉग' ही त्याची दहा भागांची टीव्ही मालिका म्हणजे बायबलमधल्या दहा आज्ञांवरची दहा प्रवचनं, असं समजणाऱ्यांनी पहिला भाग पाहावा. बाप संगणकावर हिशेब करून बर्फ पक्का असल्याचं ठरवतो, मुलगा स्केटिंगला जातो, बर्फ फुटतो. नंतर हाच बाप चर्चमध्ये जाऊन वेदी उलथवतो. देव आहे की नाही, याचं उत्तर चित्रपट देत नाही. मूळ पोलिश शीर्षकांत आज्ञाही नाहीत. नुसतं 'डेकालॉग, एक', 'डेकालॉग, दोन'.

आणि फ्रान्सने घडवलेल्याचा 'व्हाइट' तर बघाच. पॅरिसमध्ये बायकोने हाकललेला पोलिश नायक करोल सुटकेसमध्ये बसून मायदेशी येतो. विमानतळावरचे चोर ती पळवतात, त्याला बदडून बर्फाळ उकिरड्यावर फेकतात. तो डोकं वर काढून भोवती पाहतो आणि म्हणतो, आलो एकदाचा घरी.