पैसे कानाजवळ घाला, फोनजवळ नको

सरळच सांगतो, हेडफोनसाठी एकूण बजेट पाच हजाराच्या आत असेल तर डॅक-अँपचा, म्हणजे आवाज सुधारतो म्हणून फोन आणि हेडफोनच्या मधे लावायच्या डब्यांचा विषय आत्ता डोक्यातनं काढून टाका. हे लिहायचं कारण म्हणजे भाच्यानं परवा लिंक पाठवली, मामा हा डॅक घेऊ का, किंमत सहा हजार, आणि पठ्ठ्या कानात घालतोय काय तर फूटपाथवरनं घेतलेला दीडशेचा इअरफोन. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही.

डॅकचं काम एवढंच की फाईलमधले आकडे घ्यायचे आणि त्याचा विजेचा सिग्नल करायचा. हे काम आता इतकं स्वस्तात आणि इतकं नीट होतं की ॲपलचा तो बोटभर डोंगल, टाइप-सी ते ३.५ एमएमवाला, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या भोकाला हेडफोनचा जॅक जोडून देणारा आणि पोटात डॅक असलेला, हजाराच्या आसपास मिळतो, तो मशीनवर मोजला तर भल्याभल्या महागड्या डब्यांच्या पंगतीला बसतो. दोन बऱ्या डॅकमध्ये जो फरक निघतो तो माणसाच्या कानाला कळण्याच्या खालचा, आणि दोन हेडफोनमध्ये मात्र खालच्या-वरच्या आवाजाच्या एखाद्या पट्टीत पाच-दहा डेसिबलचा फरक आरामात सापडतो. मग पैसे कुठं घालायचे तुम्हीच सांगा.

अँपचं, म्हणजे सिग्नलला जोर देणाऱ्या डब्याचं गणित पण बघून घ्या. डोंगल साधारण १ व्होल्ट देतो, समोर ३२ ओहमचा इअरफोन असला तर झाले ३१ मिलीवॅट, आणि आजकालचे बहुतेक इन-इअर १ मिलीवॅटमध्येच १०० डेसिबलच्या आसपास ओरडायला लागतात. ताकद कमी पडतेय कुठं? अँपनं आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज आपल्याला दोन मिनिटं भारी वाटतो, सगळ्या डेमोची गंमत तिथंच आहे. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा, म्हणजे विजेला जास्त अडवणारा हेडफोन असेल तर गोष्ट वेगळी, पण तो ज्याच्याकडं आहे तो मला विचारायला येत नाही.

आता डोंगल कधी घ्यायचा, तर फोनला जॅक नसेल तेव्हा, किंवा लॅपटॉपच्या जॅकमधनं सुंऽऽ असा आवाज येत असेल तेव्हा. अँड्रॉइडवाल्यांनी जपून, ॲपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाज फार बारीक देतो, तिथं दुसरा कुठला तरी साधा घ्या, फक्त आत डॅक आहे ना ते विचारून घ्या, कारण शे-सव्वाशेच्या काही अडॅप्टरमध्ये नुसती वायर असते आणि ती सगळ्या फोनला चालत नाही. आणि ब्लूटूथ वापरणाऱ्यांनी तर या भानगडीत पडूच नका हो, तुमचा डॅक आणि अँप त्या इअरबडच्या पोटातच आहे, फोनला काहीही लटकवलं तरी त्याला पत्ता लागणार नाही.

मग फरक पडतो कशानं? पहिलं, रबरी टिप. हसू नका. इन-इअरचा बास सगळा सीलवर असतो, टिप जरा ढिली बसली की खालचा आवाज गायब आणि वरचा कर्कश, आणि लोक म्हणतात इअरफोनच फालतू. बॉक्समध्ये लहान-मधली-मोठी अशा जोड्या येतात, त्या तशाच प्लॅस्टिकमध्ये पडून असतात. सगळ्या लावून बघा, डाव्या कानाला मधली आणि उजव्याला मोठी असंही निघतं. एका बाजूचा आवाज कमी झाला की आधी जाळी बघा, दहातल्या निम्म्या वेळा मळ असतो, कोरड्या मऊ ब्रशनं, जाळी खाली धरून साफ करायची.

दुसरं, अर्थातच इअरफोन. दोन-अडीच हजारात आता मूनड्रॉप चू २, सेव्हनहर्ट्झ झीरो असले वायरवाले इन-इअर मिळतात आणि ते दहा वर्षांपूर्वीच्या दहा हजारवाल्यांना ऐकत नाहीत असं माझं मत आहे, भांडायचं असेल तर या. घेताना वायर निघणारी बघा, टू-पिनवाली, कारण इअरफोन मरतो तो जॅकजवळ वायर तुटूनच. कानात खुपसलेलं सहन होत नसेल तर कॉसचा पोर्टा प्रो, १९८४ चं डिझाईन आहे आणि अजून विकतायत, काहीतरी असेलच ना त्यात. फक्त तो उघडा आहे, एसटीत घालून बसलात तर बाहेरचं सगळं ऐकू येणार आणि शेजारच्यालाही तुमचं गाणं.

तिसरं, इक्वलायझर, म्हणजे बास-ट्रेबल, खालचा-वरचा आवाज कमीजास्त करायची सोय, आणि हे फुकट आहे म्हणून कुणी करत नाही. अँड्रॉइडला वेव्हलेट नावाचं ॲप टाका, त्यात ऑटो-ईक्यू म्हणून हजारो हेडफोनची तयार सेटिंग आहेत, आपलं मॉडेल शोधायचं आणि चालू करायचं. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि त्याच्यावर पीस, तेही फुकट. कुठलीही पट्टी वर उचलली तर तेवढाच प्री-अँप, म्हणजे त्याच ॲपमधला एकूण आवाजाचा दांडा, खाली घ्या, नाहीतर आवाज फाटतो. चाचपडत सगळ्या पट्ट्या वर ढकलणारे बघितलेत मी, त्यानं काहीच होत नाही बाबांनो, फक्त आवाज वाढतो.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीनं कानाला सवय लावलीय की छाती हादरली म्हणजे आवाज भारी. दुकानातला पोरगा पण तेच गाणं लावतो, धाडधाड. सांगलीकरांनो, मिरज सहा-सात मैलांवर आहे, २०२४ ला तिथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपण हेडफोन तपासतो डीजे रिमिक्सवर! नुसत्या तंबोऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, गोल आणि सुटा यायला पाहिजे, तो घुमून बाकीच्या तारांवर चढला की समजा बास फुगवलाय. वर जवारीचं, म्हणजे तार घोडीला घासून उठणारं ते झणझणतं, सतत हलणारं जाळं ऐकू आलं पाहिजे, पत्र्यासारखं टोचत असेल तर ट्रेबल खोटा, आणि ऐकूच येत नसेल तर बंदच ठेवा तो हेडफोन. पाच मिनिटांत निकाल लागतो, कुठल्याही रिव्ह्यूची गरज नाही.

एक मात्र, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या लावून हेडफोनला शिव्या देऊ नका. ती ७८ आरपीएमची रेकॉर्डिंगं, बारीक कंपनं त्यात मुळात उतरलेलीच नाहीत, लाखाचा डॅक लावला तरी येणार कुठनं? उलट ट्रेबल वाढवलेल्या इअरफोनवर नुसती खरखर वाढते. तसंच स्पॉटिफायची क्वालिटी डेटा वाचवायला लो वर ठेवलेली असते ती व्हेरी हायला न्या, २४ ऐवजी ३२० केबीपीएसवर गाणं येतं, पैसे भरून वापरणाऱ्यांना हे तर सेटिंगमधलं एक बटण आहे, फुकटच्यात मात्र ते मिळत नाही. आणि ३२० पुढं हाय-रेजच्या, म्हणजे सीडीपेक्षाही मोठ्या फाईलींच्या नादाला लागायचं का? माझ्यापुरतं उत्तर नाही.

भाच्याला सांगितलं ते असं: दोन-अडीच हजाराचा इन-इअर, दोन-तीनशेच्या चांगल्या टिप, फोनला जॅक नाही म्हणून एक डोंगल, वेव्हलेट फुकट. सहा हजारातले दोन-अडीच हजार उरले, त्याचं काय करायचं ते त्याचं तो बघेल. कुणाला विंडोजवर एपीओ बसवताना अडलं तर हेडफोनचं मॉडेल लिहून कमेंटमध्ये विचारा, मेसेज करू नका, मेसेज मी बघत नाही.