संस्कृती रक्तात नसते: एका फिरत्या मजकुराला उत्तर

थोड्याफार फरकाने हा मजकूर अनेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. त्याचा गाभा असा: 'संस्कृती रक्तात असते. प्रत्येक समाजाची मूळ संस्कृती शुद्ध होती, सरमिसळीने ती नासली. माणसाची खरी ओळख एकच असते. दोन संस्कृतींत वाढलेली मुलं ना इकडची राहतात ना तिकडची. आणि निरनिराळ्या वंशांचे लोक एका देशात आले की तो देश फुटतोच.' खाली 'पटलं तर पुढे पाठवा' अशी विनंती.

असे मजकूर दुर्लक्ष करून सोडून द्यावेत, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांचे आईवडील दोन वेगळ्या समाजांतले आहेत अशी मुलंही हा मजकूर वाचतात. 'नासली' हे क्रियापद त्यांच्या जन्माबद्दल आहे, हे त्यांना बरोबर कळतं. म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर द्यायला हवं.

पहिलं विधान रक्ताचं. त्याची परीक्षा तान्ह्या बाळांनी कधीच घेतली आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'ट' आणि 'त' हे उच्चार ऐकवले. इंग्रजीला या फरकाशी काही देणंघेणं नाही आणि मोठ्या इंग्रजी भाषकांना तो ओळखणं फार जड जातं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना मात्र तो कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत ती क्षमता खूपच ओसरलेली दिसली. कान आधी उघडे होते, मग घरात जे बोललं गेलं त्याने ते घडत गेले. यात रक्ताने काय केलं?

दुसरा पुरावा २००३ सालचा, फ्रान्समधला. कोरियात जन्मलेली आणि तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रेंच कुटुंबांनी दत्तक घेतलेली काही माणसं मोठी झाल्यावर संशोधकांनी तपासली. त्यांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांतल्या वाक्यांतून वेगळी काढता आली नाहीत. कोरियन ऐकताना त्यांच्या मेंदूत जे घडत होतं, तेही जन्माने फ्रेंच असलेल्या लोकांपेक्षा वेगळं दिसलं नाही. लहानपणी ऐकलेल्या भाषेचे बारीक माग मेंदूत उरतात, असं पुढच्या काही अभ्यासांत आढळलं. पण ते मागसुद्धा ऐकण्याचेच, वंशाचे नव्हेत.

जनुकशास्त्राचं नाव घेऊन हे विधान मांडणाऱ्यांनी अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांचा १९७२ चा हिशेब बघावा. माणसामाणसांत जेवढी जनुकीय विविधता आहे, तिच्यातली सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच सापडते. ज्यांना आपण वेगवेगळे 'वंश' म्हणतो, त्यांच्यातल्या फरकाच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के येतात. जनुकांवरून पूर्वज जगाच्या कुठल्या भागातले, हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि हे नाकारायचं कारण नाही. पण तुम्ही कुठल्या भाषेत रडाल, कुणापुढे मान झुकवाल, कशाची लाज बाळगाल, हे त्या तपासणीत लिहिलेलं नसतं. संस्कृती म्हणतात ती याच सगळ्याला.

शुद्धतेच्या दाव्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. जगभर व्यवहारात असलेले आकडेच पाहा. शून्यासकट दशमान पद्धत भारतात घडली, अरबी लिहिणाऱ्या गणितज्ञांमुळे ती पश्चिमेकडे पसरली आणि १२०२ मध्ये इटलीतल्या पिसाच्या फिबोनाची या गणितज्ञाने ती लॅटिन वाचकांना समजावून दिली. १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे परके अंक वापरायला मनाई केली होती, कारण त्यांत फेरफार करणं सोपं जाईल अशी भीती होती. आज युरोपात कुणाला ते परके वाटत नाहीत. कुठल्याही संस्कृतीचा 'शुद्ध' काळ दाखवा म्हटलं, की त्याही आधीची उसनवारी सापडते.

आता सगळ्यात घातक विधान: खरी ओळख एकच असते. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकात कोंबल्या आहेत. संस्कृती शिकली जाते. वांशिक ओळख म्हणजे आपले पूर्वज एक आहेत हा एखाद्या समूहाचा विश्वास. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी शंभर वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की हे पूर्वज खरोखर एक होते की नाही याने फरक पडत नाही, विश्वास पुरतो. आणि व्यक्तीची ओळख म्हणजे ही सगळी सामग्री घेऊन माणूस स्वतःला कसं मांडतो, आणि जग त्याला कितपत मांडू देतं. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, पण एकीवरून दुसरी आपोआप ठरत नाही.

नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ आणि त्यांचे सहकारी १९६९ च्या सुमारास हेच दाखवत होते. समूह टिकतात ते 'आपण' आणि 'ते' यांच्यामधल्या सीमेमुळे, आणि ती सीमा ओलांडून माणसं ये-जा करत असतात. सुदानच्या दारफूरमध्ये फूर शेतकऱ्याकडे पुरेशी गुरं जमली, की तो भटक्या बग्गारा अरबांसारखं जगू लागे आणि हळूहळू लोक त्याला बग्गाराच मानत. त्याचं रक्त होतं तेच होतं.

ही सीमा सरकार आखू लागलं की काय होतं, ते भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात दिसतं. पंजाबात जन्मलेले थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्या काळी 'गोऱ्या' माणसालाच, किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला, तिथलं नागरिकत्व घेता येई. १९२२ च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी वंशाच्या ताकाओ ओझावा यांना नकार देताना म्हटलं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तीनच महिन्यांनी थिंड उभे राहिले: तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियनच ठरत होते. न्यायालयाने मग शास्त्र बाजूला ठेवलं आणि सांगितलं, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी लिहिलेले आहेत. थिंड यांना नागरिकत्व कायमचं मिळालं ते १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्यामुळे. त्याच देशाच्या जनगणनेत १९३० आणि १९४० साली भारतीयांचा 'वंश' म्हणून 'हिंदू' लिहिलं जाई, मग माणूस शीख असो की मुसलमान. १९७० मध्ये त्यांना गोऱ्यांत मोजलं आणि १९८० मध्ये 'आशियाई भारतीय' असा नवा रकाना आला. एखादा माणूस या साऱ्या काळात एकाच घरात राहिला असता, तरी त्याची 'एकमेव खरी ओळख' कागदावर किमान तीन वेगळ्या नावांनी नोंदली गेली असती.

रवांडात हे कागदावर थांबलं नाही. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, त्याच टेकड्यांवर शेजारी राहत, त्यांच्यात लग्नं होत. त्यांच्यात दर्जाचा भेद होता, विषमता होती, हे खरं. पण १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर एकच शिक्का मारला आणि तो बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. आई दुसऱ्या समूहातली असली तरी कार्डावर एकच शब्द. १९९४ मध्ये रस्तोरस्ती नाके उभारून हीच कार्डं तपासली गेली. सुमारे शंभर दिवसांत मारल्या गेलेल्यांचा आकडा साधारण आठ लाख सांगितला जातो. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते, आणि हत्येला विरोध करणारे हुतूही. 'ओळख एकच' हे वाक्य मला निरुपद्रवी वाटत नाही, ते यामुळे.

यावर काही जण उलट्या टोकाला जातात: ओळखी माणसांनीच घडवल्या आहेत ना, मग सगळ्यांनी त्या सोडून द्याव्यात. हे म्हणणं ज्याला आपली ओळख रोज भोगावी लागत नाही त्याला सोपं असतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात बोस्टन आणि शिकागोतल्या नोकऱ्यांसाठी बनवलेले सुमारे पाच हजार अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, नावं मात्र काही गोऱ्यांची वाटणारी, काही कृष्णवर्णीयांची. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना मुलाखतीची बोलावणी जवळपास दीडपट आली. अर्जदाराने आपली ओळख विसरून भागत नाही. अर्ज वाचणारा ती विसरलेला नसतो.

मुलांकडे येतो. 'ना इकडची ना तिकडची' हे भाकीत तपासता येतं आणि ते तपासलंही गेलं आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या पाच हजारांहून अधिक स्थलांतरित कुटुंबांतल्या किशोरांचा अभ्यास २००६ मध्ये मांडला. घरची आणि आजूबाजूची अशा दोन्ही संस्कृती धरून ठेवणाऱ्यांचा गट त्यात सगळ्यात मोठा निघाला, आणि मनाची स्वस्थता आणि शाळेत व समाजात रुळणं या दोन्हींत तो सगळ्यात बरा होता. ज्यांची ओळख विस्कटलेली होती, त्यांची अवस्था सगळ्यात बिकट. दोन्ही धरल्यामुळेच मुलं सुखी होतात, की मुळात स्वागत झालेल्या मुलांना दोन्ही धरणं जमतं, हे अशा अभ्यासावरून ठरत नाही. पण मजकुरातलं भाकीत मात्र खोटं पडतं. शिवाय ज्या मुलांना हे जमत नाही, त्यांना भेदभाव अधिक सोसावा लागल्याचंही त्यात दिसलं. म्हणजे 'तू नक्की कुठला?' असं पुनःपुन्हा विचारून मुलाला आधी उपरं करायचं, आणि मग ते उपरं वाटतं म्हणून आईबापांना दोष द्यायचा. हा अन्याय आहे आणि तो मोठी माणसं करतात.

अशा मुलांना स्वतःचं उत्तर देऊ दिलं तर ती देतात. अमेरिकी जनगणनेत २००० साली पहिल्यांदा एकाहून जास्त रकान्यांवर खूण करायची मुभा मिळाली आणि सुमारे ६८ लाख लोकांनी ती वापरली. २०२० मध्ये हा आकडा ३ कोटी ३८ लाखांवर गेला. यातली बरीच वाढ प्रश्न आणि उत्तरांची नोंद करण्याची पद्धत बदलल्याने झाली आहे, पण त्यातून हेही दिसतं की रकाना होता म्हणून माणूस एकपदरी दिसत होता.

राहिलं शेवटचं: विविधतेने देश फुटतो. सोमालियात बहुतांश लोकांची भाषा एक, धर्म एक, वंशही एकच समजला जातो. १९९१ मध्ये तिथलं राज्य कोसळलं. कोरियन लोक १९५० ते १९५३ एकमेकांशी लढले. उलट टांझानियात शंभराहून अधिक वांशिक गट आहेत आणि तो देश गृहयुद्धाशिवाय टिकून आहे. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या राज्यशास्त्रज्ञांनी १९४५ ते १९९९ मधली गृहयुद्धं तपासली. देशाचं उत्पन्न लक्षात घेतल्यावर वांशिक विविधतेमुळे युद्धाची शक्यता वाढलेली त्यांना दिसली नाही. गरिबी आणि दुबळं राज्य ही कारणं ठळक ठरली. उलट बाजूही सांगतो. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांना २००७ मध्ये अमेरिकेतल्या जास्त विविध वस्त्यांत लोकांचा परस्परांवरचा विश्वास कमी आढळला होता. पण हा परिणाम पहिल्या काळातला आहे, आणि पुढे समाज अधिक रुंद 'आपण' घडवतात, असं त्यांचंच मत आहे.

मग युगोस्लाव्हिया? हे उदाहरण हमखास पुढे येतं. १९८१ च्या जनगणनेत तिथल्या बारा लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला सर्ब, क्रोएट वगैरे न लिहवता 'युगोस्लाव्ह' म्हणून नोंदवलं होतं. त्यांतली बरीच मिश्र कुटुंबांतली होती. देश फोडणाऱ्या नेत्यांनी आधी याच लोकांची जागा काढून घेतली. युगोस्लाव्हियातून फुटलेल्या बोस्नियात युद्ध पेटलं. १९९५ च्या डेटन करारातून त्या देशाची राज्यघटना आली. तिने युद्ध थांबवलं, हे तिचं मोठं श्रेय. पण देशाचं अध्यक्षपद तीन जणांच्या मंडळाकडे दिलं आणि ते तिघे बोस्नियाक (म्हणजे बहुतांशी बोस्नियन मुसलमान), क्रोएट आणि सर्ब असेच असले पाहिजेत, असं ठरवलं. देर्वो सेइदिच रोमा या अल्पसंख्य समाजातले आहेत, याकोब फिंची ज्यू. दोघेही बोस्नियाचे नागरिक, पण त्या पदासाठी उभं राहायचा हक्क दोघांनाही नाही. ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयाने हा भेदभाव आहे असा निकाल दिला. निकालाला दहा वर्षं उलटून गेली, तरी ते कलम घटनेत तसंच होतं.