रद्दीच्या काट्यावर व्हिएन्ना

विमान कंपनी म्हणते २३ किलो. आमच्या घरच्या वजनकाट्यावर आधी बॅगेसकट उभं राहायचं, मग नुसतं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. त्यात बॅगेचं वजन धड कळत नाही, माझं मात्र घरभर कळतं. म्हणून परवा संध्याकाळी बॅग ओढत कोपऱ्यावरच्या रद्दीच्या दुकानात गेले. पुढे जे झालं ते आई सध्या फोनवर एकेका मावशीला हसत हसत सांगतेय. त्यात माझी बाजू कुठेच येत नाही, म्हणून हे लिहितेय.

आम्ही आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाची मुलं व्हिएन्नाला स्टडी टूरला निघालोय. आधीच्या बॅचेस हंपी, चंडीगड, अहमदाबाद अशा गेल्या. यंदा कॉलेजला आंतरराष्ट्रीय व्हायची हुक्की आली. टूर ऐच्छिक आहे. तिच्यावरचा ५० मार्कांचा रिपोर्ट ऐच्छिक नाही.

दुकानात काट्यावर एका काकांची रद्दी होती आणि काट्याला खेटून काका स्वतः होते. मराठी पेपरला इंग्रजीपेक्षा किलोमागे भाव कमी का, यावर त्यांची सुनावणी चालू होती. "शाई तीच, कागद तोच. इंग्रजीत बातम्या जड असतात का रे?" रद्दीवाला उत्तर न देता सुतळी सोडत होता. मी म्हटलं, "दादा, एवढी बॅग जरा काट्यावर ठेवू का? दोन मिनिटं."

"रांग आहे," काका म्हणाले. रांगेत ते एकटेच होते.

मग त्यांनी कापडी पिशवीतून साखरेचं एक किलोचं सीलबंद पाकीट काढलं आणि काट्यावर ठेवलं. आकडा आला ०.९९०. काकांचा चेहरा उजळला. रद्दी विकायला येताना हा माणूस घरून साखर घेऊन निघतो, हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. "शंभराला एक खातोय तुझा काटा," ते रद्दीवाल्याला म्हणाले आणि लगेच माझ्याकडे वळले, "ठेव आता बॅग."

२६ आले.

"म्हणजे २६.२६ धर," काका म्हणाले. "तीन किलो दोनशे साठ ग्रॅम जास्त. उघड."

"घरी जाऊन काढते मी, काका."

"आणि मग परत येणार वजनाला? याला दुसरी गिऱ्हाइकं नाहीत का? उघड, उघड, लाजतेस काय."

आता त्यांच्यामागे खरीच रांग झाली होती. पुठ्ठ्याची खोकी घेतलेल्या एक बाई होत्या, बाटल्यांचं पोतं घेतलेला एक मुलगा होता, आणि दोघांनाही माझ्या बॅगेत काय आहे हे बघायचं होतं. भर फुटपाथवर मी चेन ओढली.

इथे एक सांगायला हवं. त्या २६ किलोत माझं सामान जेमतेम सोळा-सतरा असेल. बाकीचं 'सामायिक'. आमच्या सरांनी यादी करून प्रत्येकाला वाटून दिलंय. माझ्या वाट्याला गटाचा चिवडा, कॉलेजचा फ्लेक्स, आणि तिथल्या प्राध्यापकांच्या सत्कारासाठी शाल नि श्रीफळ. फ्लेक्सवर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो व्हिएन्नाच्या फोटोच्या चौपट आहे. आधी आंबा बर्फीही होती, पण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून ती सरांच्या घरी राहिली. फळांनाही प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त पाच फळं सुटली आहेत: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. हे सापडलं त्या दिवशी सर इतके खूश होते की वर्गात येऊन दोनदा सांगितलं.

तर चेन उघडली आणि माझ्या थर्मलमध्ये गुंडाळलेला तो नारळ सुटला. उतारावरून घरंगळत गेला आणि एका स्कूटरच्या चाकाला जाऊन टेकला. बाटल्यांवाल्या मुलाने तो आणून दिला, पण माझ्या हातात नाही, काट्यावर. ६१० ग्रॅम. शेंडीसकट.

"परदेशात नारळ?" काकांनी गळ्यातल्या दोरीचा चष्मा नाकावर चढवला. "चाललीस तरी कुठे?" आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यातून डोकावणारा टूरचा कार्यक्रम त्यांनी स्वतःच ओढून काढला.

"दुसरा दिवस, सकाळी... पोस्ट ऑफिस?"

"पोस्टाची बचत बँक आहे, काका. ओटो वाग्नर या आर्किटेक्टची. १९०६ ची. दर्शनी भिंतीवर संगमरवरी फरशा आणि त्यावर ॲल्युमिनियमचे बोल्ट, आत काचेचं छत—"

"आपलं पुण्याचं सिटी पोस्ट बघितलंयस आतून?"

"काका, त्याचा काय संबंध?"

"नाही, विचारलं. दुपारी, कार्ल मार्क्स हॉफ. हे काय?"

"घरं. १९२७ ते १९३० मध्ये महापालिकेने कामगारांसाठी बांधलेली. १,३८२ घरं, लांबी एक किलोमीटरच्या वर."

"चाळ."

"चाळ नाही हो—"

"संडास आत का बाहेर?"

"आत."

"आणि न्हाणीघर?"

"ते सार्वजनिक होतं. धुण्याची सोय पण सामायिक."

"मग निम्मी चाळ." पुठ्ठेवाल्या बाईंनी मान डोलावली. काका पुढे सरकले. "महापालिकेने पैसे आणले कुठून?"

आता हा प्रश्न आम्हाला ज्युरीत, म्हणजे डिझाइनच्या तोंडी परीक्षेतसुद्धा कुणी विचारला नव्हता. मला उत्तर येत होतं, म्हणून मीही पेटले. म्हटलं, १९२३ पासून घरबांधणीसाठी खास कर लावला, श्रीमंतांकडून भरपूर आणि गरिबांकडून नावाला. शिवाय चैनीवर कर. मोटारी, शॅम्पेन, घरातले नोकरचाकर.

"नोकर म्हणजे," काका थांबले, "धुणंभांडीवाली धरून?"

रद्दीवाला इतका वेळ गप्प होता. तो फस्सकन हसला.

त्यानंतर काकांनी वेगच घेतला. त्याच हॉफमधल्या जुन्या धुलाईघरात आता त्या काळावरचं प्रदर्शन आहे, यावर म्हणाले, "म्हणजे धोबीघाट." मध्यवर्ती दफनभूमीपाशी आले. १८७४ ची आहे, सुमारे ३० लाख माणसं पुरलेली आहेत, बेथोवनसुद्धा तिथेच आहे, असं मी सांगितलं.

"आणि शहरात जिवंत किती?"

"वीसेक लाख."

"म्हणजे बहुमत तिकडे. आपलं वैकुंठ स्मशान बघितलंयस?"

"काका, वैकुंठ बघायला कोण जातं?"

"तेच म्हणतोय मी."

शेवटी स्पिटेलाउ. तो कचरा जाळून घरं गरम करणारा कारखाना आहे. १९८७ मध्ये तिथे मोठी आग लागली, मग हुंडर्टवासर नावाच्या चित्रकाराने तो १९९२ पर्यंत असा काही रंगवून काढला की आता लोक फोटो काढायला जातात. धुराड्यावर सोनेरी गोळा आहे. काकांनी कागद खाली केला. "आगी आपल्या उरुळी देवाचीच्या कचरा डेपोलाही लागल्या. चित्रकार कुणी बोलावला नाही." मग रांगेकडे वळून, मी तिथे नसल्यासारखं: "पोस्ट, चाळ, धोबीघाट, स्मशान, कचरा डेपो. अडीच लाख रुपये!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही. कारण हा भाग आमच्या एका मॅडमनी आखलाय आणि तो उत्तम आहे. शहर चालतं कसं, हे राजवाडे बघून कळत नाही. माझा राग आहे तो याच कागदावरच्या बाकीच्या ओळींवर, आणि त्या काकांनी वाचल्याच नाहीत. कार्ल मार्क्स हॉफपुढे 'फोटो स्टॉप, ४० मिनिटं' लिहिलंय. शहराबाहेरच्या आउटलेट मॉलपुढे 'पूर्ण दिवस'. एक किलोमीटरची इमारत ४० मिनिटांत नुसती चालून होते, बघून होत नाही. वर्गातल्या दोघी पैशांपायी येत नाहीयेत. त्यांनी त्याच इमारतींवर, त्याच मार्कांसाठी, इंटरनेटवरून रिपोर्ट करायचा आहे. त्यातली एक आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं स्केच करते. माझ्या बाबांनी एफडी मोडलीय, म्हणून मी मॉलमध्ये तोंड पाडून फिरायचं की निदान पाकीट तरी घ्यायचं, तेही कळत नाही.

असो. चिवडा, एक जोड बूट आणि आईने लपवून कोंबलेलं लोणचं बाहेर निघालं. काकांच्या हिशेबाने बॅग २२.८० झाली, तेव्हाच त्यांनी ती बंद करू दिली. रद्दीवाल्याने वजनाचे वीस रुपये सांगितले. काकांनी माझ्या वतीने, मला न विचारता, ते दहावर आणले.

मी कागद परत मागितला, तर ते मागची बाजू वाचत होते. तिथे खर्चाचा तपशील होता. जन्मभर ऑडिटमध्ये घालवलेला माणूस, बोट बरोबर एका ओळीवर. "व्हिसा फी ९० युरो? तुम्ही विद्यार्थी ना? शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक, यांना शेंगेन व्हिसाची फी माफ असते. नातीच्या वेळी नियम काढून वाचलेत मी. सेंटरचा सर्व्हिस चार्ज तेवढा पडतो. विचार तुझ्या सरांना."

एवढा वेळ छळलेल्या माणसाचं शेवटी बरोबर निघावं, यासारखा वैताग नाही.

घरी येऊन नियम शोधला. आहे तसा. रात्री टूरच्या ग्रुपवर अगदी नम्रपणे विचारलं: "सर, व्हिसा फी विद्यार्थ्यांना माफ असते असं वाचलं. आपल्या खर्चात ९० युरो धरलेत, ते कशाचे?" त्यावर पटापट बारा-तेरा अंगठे आले, सगळे मुलांचे. पाच मिनिटांत ग्रुपचं सेटिंग बदललं. आता फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतात.

आज सकाळी ॲडमिनचा मेसेज आला: 'नारळ कोणाकडे आहे? ग्रुपवर त्वरित कळवावे.'